मोझेकवरची चूल

हॉलच्या मध्यावर फरशीत एक रेघ होती. रेघ म्हणजे चीर नव्हे. बाकीच्या टाइल्स वापराने पिवळट पडलेल्या आणि मधूनच विटेच्या रुंदीचा एक पट्टा नव्यासारखा पांढरा, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सरळ गेलेला. पट्ट्यात अंतराअंतराने पांढऱ्या सिमेंटने बुजवलेली भोकं. मी चपला दाराशी काढल्या होत्या. बाकी कोणी काढल्या नव्हत्या, रिकाम्या घरात कोण काढतं. पण परक्या घरात मला चपला घालून शिरवत नाही. त्यामुळे ती रेघ डोळ्यांच्या आधी तळपायाला कळली. पायाखाली एकदम गुळगुळीत झालं आणि मी थांबलो. रेघ ओलांडली नाही असं आता वाटतं, पण खात्री नाही. ओलांडली असेनही.

"पप्पा, व्हिला आहे, व्हिला!" जिन्यावरून केनेथ ओरडला. रिकाम्या घरात त्याचा आवाज दुप्पट झाला. "आयुष्यभर रोमन व्हिला, रोमन व्हिला केलंत ना? घ्या आता. अजमानी व्हिला!"

"वरती बघायला या ना, अंकल," हारुन म्हणाला. तो एजंट, हैदराबादचा, हातात किल्ल्यांचा जुडगा. "फुल मार्बल फिनिश है."

मार्बल नव्हतं, सिरॅमिक होतं. माझा गुडघा दुखतो, म्हणून वर गेलो नाही, असं सांगितलं. तेही अर्धंच खरं होतं. मला त्या रेघेपाशी थांबायचं होतं. असली रेघ मी पूर्वी एकदा पाहिली होती, आणि तिच्या एका बाजूला काही वर्षं राहिलो होतो.

आम्ही चौघं त्या शनिवारी दुबईतल्या अल बर्शाहून शारजापलीकडच्या अजमानला घर बघायला आलो होतो. मुलगा केनेथ, सून रोशेल, नात कॅरल आणि मी. बोलण्यात सगळा विषय वाढलेल्या भाड्याचा, पार्किंगचा, कॅरलच्या शाळेच्या बसचा होता. पण घर माझ्यासाठी बघत होते. हे कोणी म्हणालं नव्हतं, तरी मला माहीत होतं. अल बर्शाच्या टू-बीएचकेत मी हॉलमधल्या सोफा-कम-बेडवर झोपतो. पाहुण्यांची बेल वाजली की केनेथ माझी चादर-उशी घाईघाईने सोफ्याच्या पोटात कोंबतो आणि दार उघडेपर्यंत त्याचे कान लाल झालेले असतात. वसईच्या माणसाने बापाला हॉलमध्ये झोपवावं हे त्याला टोचतं. मागच्या ख्रिसमसला त्याचा मावसभाऊ सॅव्हियो हातात केकची बशी घेऊन म्हणाला, "अंकल म्हणजे तुमचा वॉचमन काय रे, केन? फुकटात!" सगळे हसले. मीही हसलो, कारण विनोद तसा वाईट नव्हता. केनेथ हसला नाही. त्यानंतर तो जेवताना मोबाइलवर अजमानकडची घरं बघायला लागला. तिथून ऑफिस किती लांब पडेल, रोशेलला हॉटेलच्या सकाळच्या शिफ्टसाठी किती वाजता उठावं लागेल, शारजाच्या ट्रॅफिकमध्ये रोज किती आयुष्य जाईल, हे सगळं ठाऊक असून.

त्याच्या या धडपडीत मला एकदाही कोणी विचारलं नाही, आणि मी एकदाही काही म्हणालो नाही. दोन्ही गोष्टी आमच्या घरात नेहमीच्या आहेत.

आता ही रोमन भानगड सांगायला हवी, आणि ती सांगताना मला नेहमी संकोच वाटतो. मी एका इंजिनियरिंग कन्सल्टन्सीत डॉक्युमेंट कंट्रोलर होतो. म्हणजे इमारतींची ड्रॉइंग्ज सांभाळणारा. ड्रॉइंग काढणारा वेगळा, तपासणारा वेगळा, मी फक्त कुठलं ड्रॉइंग चालू आणि कुठलं रद्द ते बघायचो. नवीन रिव्हिजन आलं की जुन्यावर 'सुपरसीडेड' असा लाल शिक्का मारायचा आणि ते बाजूला ठेवायचं, म्हणजे साइटवर कोणी चुकून जुन्या भिंती बांधू नयेत. एकदा ऑफिस हलवताना कोणा ब्रिटिश आर्किटेक्टने मागे टाकलेली पुस्तकं कचऱ्याच्या पिशव्यांशेजारी ठेवली होती. त्यातलं सगळ्यात जाड मी उचललं. युरोपभर सापडलेल्या रोमन व्हिलांवरचं होतं. घेताना कोणी बघत नाही ना, हे मी दोनदा पाहिलं; कचऱ्यातली वस्तू असूनसुद्धा. नंतर जमतील तशी आणखी घेतली. मी एकही रोमन व्हिला पाहिलेला नाही. इटलीला गेलेलो नाही, स्पेनला नाही. लॅटिन येतं ते लहानपणी चर्चमध्ये मासला ऐकून पाठ झालेलं, अर्थाशिवाय. तेव्हा या विषयावर बोलण्याचा मला काही अधिकार आहे असं मी समजत नाही. पण एवढी वर्षं वाचल्यावर काही गोष्टी डोक्यात बसून जातात, आणि त्या नको तेव्हा वर येतात.

व्हिला म्हणजे रोमन माणसाचं शेतावरचं मोठं घर. इटलीत होती, गॉलमध्ये म्हणजे आताच्या फ्रान्सात होती, ऱ्हाइनच्या बाजूला होती, थेट इंग्लंडच्या ओल्या थंडीत होती. भिंती बहुतेक गेल्या. दगड लोकांनी गोठ्यांना, कुंपणांना आणि आमच्याच देवळांना, म्हणजे चर्चना, वापरले. खाली उरल्या त्या फरशा, मातीखाली. म्हणून या विषयातली माणसं फरशी वाचतात. जेवणाच्या खोलीचं मोझेक मध्यभागी चित्रांनी भरलेलं आणि तीन बाजूंना साधं असेल, तर त्या साध्या भागावर आडवं पडून जेवायचे कोच होते असं धरतात. कोचाखाली झाकल्या जाणाऱ्या चित्रावर कोण मेहनत घेईल? निजायच्या खोलीतही एका टोकाला अशीच साधी पट्टी असते, तिथे पलंग. माणसं गेली, पलंग कुजून माती झाले, तरी पलंग कुठे होता ते शेकडो वर्षांनी कळतं. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पलंगाएवढ्याच जागेत राहत होतो, आणि मला वाटलं, चला, म्हणजे आपलंही काही सांगता येईल कोणाला.

"पप्पा, इकडे या जरा," रोशेल किचनमधून म्हणाली. "तुमची रूम बघा."

किचनच्या मागे एक लहान पॅसेज, त्याच्या टोकाला खोली. अशा घरांमध्ये ती कामवाल्या बाईसाठी असते. रोशेलने 'मेड्स रूम' हा शब्द त्या दिवशी एकदाही उच्चारला नाही. ती "डाउनस्टेअर्स रूम" म्हणत होती, आणि प्रत्येक वेळी म्हणण्याआधी किंचित थांबत होती. खोली वाईट नव्हती. उंचावर एक खिडकी, शेजारी स्वतंत्र बाथरूम, जिना चढायला नको. केनेथ वरून खाली आला आणि खिशातून मेजरिंग टेप काढून गुडघ्यावर बसला. इतका खुशीत मी त्याला पुष्कळ दिवसांत पाहिला नव्हता.

"इथे बेड. इथे टेबल. या वॉलला तुमची सगळी पुस्तकं, फुल हाइट. रोशेल, बघ, बसतात."

"खिडकीला मी ते निळे पडदे लावीन," रोशेल म्हणाली. "नि पप्पा, आमचा टीव्ही नाही, कुकरची शिटी नाही, कॅरलचं ते ऑनलाइन बडबडणं नाही. तुम्हाला वाचायला शांतता लागते ना?"

हे मीच म्हणत आलो होतो. वर्षानुवर्षं, विचारलं कोणी की काय हवंय, तर मी म्हणायचो, काही नको, थोडी शांतता असली की झालं. मागायला सगळ्यात सोपी वस्तू तीच. तिच्यासाठी कोणाला बाजारात जावं लागत नाही.

"थांबा, तुम्हाला दाखवतो," केनेथ म्हणाला. "तुम्ही आतच उभे राहा. मी दार लावतो. ऐका हं."

दार जड होतं, फरशीला थोडं घासलं आणि बंद झालं.

शांतता होती. चांगली शांतता. काँक्रीटच्या भिंती, बाहेरच्या अंगाला शेजाऱ्याची भिंत. मी उभा राहिलो. माझा श्वास ऐकू येत होता आणि कानात एक बारीक शीळ, ती वयाची. मोकळ्या खोलीतही मी अंग चोरून एका बाजूला उभा होतो, हे माझ्या लक्षात आलं. बेड जिथे येणार त्याच्या बाजूला. म्हणजे माझं अंग तयारही झालं होतं. तिथे मला कसलीशी भीती वाटली. भीती हा शब्द मोठा आहे. जेवण झाल्यावर ताटात आणखी वाढावं आणि नको म्हणता येऊ नये, तसं काहीतरी. आणि मग, इच्छा नसताना, रामचंद्रचा खोकला आठवला.

अल बर्शातच, आताच्या आमच्या बिल्डिंगपासून फार लांब नाही, एक मोठा व्हिला होता. एका कुटुंबासाठी बांधलेला, आणि नंतर कोणीतरी त्यात प्लायवूड उभं करून आमच्यासारख्यांना भाड्याने दिलेला. बायका-मुलं गावाला असलेले पुरुष सगळे. मी खालच्या हॉलमध्ये होतो. त्या हॉलच्या छताला मधोमध प्लास्टरचं एक मोठं फूल होतं, झुंबरासाठी केलेलं. प्लायवूडची भिंत नेमकी फुलाखालून गेली होती. अर्धं फूल माझ्या डोक्यावर, अर्धं पलीकडे रामचंद्रच्या. तो मंडणगडकडचा, साइटवर शटरिंगचा सुतार. भिंत छतापर्यंत नेली नव्हती, कारण एसी एकच होता आणि हवा सगळ्यांना मिळायला हवी. हवा जायची तसा आवाजही जायचा. त्याचा खोकला, त्याचं बायकोशी फोनवर भांडण, जेवल्यावर तो म्हणायचा ते "चला, झालं". वर्षभर आम्ही एकमेकांशी बोललो नाही. एका शुक्रवारी दुपारी सगळे बिर्याणी खाऊन पडले होते आणि मी सवयीने पुटपुटत वाचत होतो, तर भिंतीच्या वरून आवाज आला, "भाऊ, जरा मोठ्यानं वाचा. नायतर मनात तरी वाचा. हे मधलं काय कामाचं नाय."

तेव्हापासून शुक्रवारी दुपारी मी त्याला रोमन व्हिला मराठीत सांगायचो. भिंतीवरून. तो आडवा, मी आडवा. मध्ये प्रश्न यायचे.

"त्या घरात एवढ्या खोल्या, तर माणसं किती राहायची?"

"ते नीट माहीत नाही."

"मग काय माहीत हाय?"

"फरशी."

तो खूप हसला. नंतर कितीतरी दिवस संध्याकाळी कामावरून आला की विचारायचा, "काय विल्फ्रेडभाऊ, फरशी काय म्हणते?"

एकदा मी त्याला मोझेकवरच्या चुलींचं सांगितलं. बऱ्याच व्हिलांमध्ये असं सापडतं की सुंदर मोझेक आहे, देव, मासे, द्राक्षांचे वेल, आणि त्याच्या मधोमध काळा करपलेला डाग. शेवटच्या काळात कोणीतरी तिथेच चूल मांडली, जाळ केला. त्याच दिवाणखान्यात ओबडधोबड दगडांच्या आडव्या भिंती घालून लहान खोल्या केल्या. जुन्या काळच्या उत्खनन करणाऱ्यांना या लोकांचा राग यायचा. त्यांनी त्यांना घुसखोर म्हटलं, रानटी म्हटलं, आणि खालचं मोझेक मोकळं करण्यासाठी त्यांच्या भिंती काढून टाकल्या. नीट नोंदसुद्धा न करता. अलीकडचे काही लोक म्हणतात, ते घुसखोर कशावरून? कदाचित त्याच घरातली माणसं असतील. दिवस फिरले, घर मोठं पडायला लागलं, आणि ती एका खोलीत गोळा झाली असतील. मला वाचताना वाटलं होतं, हे तर माझ्या ऑफिसच्या उलट झालं. नवीन रिव्हिजन फाडून टाकलं आणि जुनं चालू ठेवलं.

"थंडी असंल तिकडं," पलीकडून रामचंद्र म्हणाला. "चांगल्या फरशीवर चूल कोण हौसेनं मांडतंय?"

नंतर तो झोपला असावा.

माझी बायको अ‍ॅना गेली तीही शुक्रवारची दुपार होती. ती वसईला, मी इथे. फोन तिच्या भावाचा. मी फोनवर "हो" म्हणालो, "कधी?" म्हणालो, पुन्हा "हो" म्हणालो. केनेथ तेव्हा कॉलेजात होता, तो जवळ आहे का विचारलं. फोन ठेवल्यावर मी खाटेवर बसलो आणि पाठ टेकवली. समोर कॅलेंडर होतं. मग पाठीमागचं प्लायवूड हळूच माझ्याकडे फुगलं. पलीकडे रामचंद्र पाठ टेकून बसला होता. प्लायवूड पातळ, त्यामुळे त्याच्या पाठीचा बाक मला माझ्या पाठीवर कळत होता. ते गरम झालं होतं असं म्हणावंसं वाटतं, पण प्लायवूडमधून एवढं गरम लागत नसणार. पुष्कळ वेळाने तो म्हणाला, "भाऊ, तिकिटाचं बघू या?"

पुढे, कुटुंबांच्या वस्तीत बॅचलर नकोत म्हणून, म्युनिसिपालिटीने असे व्हिला रिकामे करायला लावले. एका सकाळी माणसं आली आणि प्लायवूड उखडून ट्रकमध्ये घातलं. मी सामान घेऊन दारात उभा होतो. हॉल एकदम मोठा झाला. छतावरचं फूल पहिल्यांदाच पूर्ण दिसलं, सुंदर होतं. आणि खाली फरशीवर, जिथे भिंती होत्या तिथे, पांढऱ्या रेघा. रामचंद्र आता गावी आहे. मुलाने घर बांधलं, त्याला वेगळी खोली दिली. मध्यंतरी फोनवर म्हणाला, भिंत चिऱ्याची हाय, दणकट. पलीकडं कोण हाय-नाय पत्ता लागत नाय.

दार उघडलं. केनेथचा चेहरा आत आला, हसरा. "काही ऐकू आलं?"

"नाही."

"मी चांगला ओरडत होतो हं. रोशेलला विचारा."

"शेजारी बाहेर येतील म्हणून मीच गप्प केलं," रोशेल म्हणाली.

"बघा मग! दार लावलं की खलास. कोणी डिस्टर्ब करणार नाही तुम्हाला."

मी खोली चांगली आहे म्हणालो. खोटं नव्हतं. बाहेर हॉलमध्ये आलो आणि पुन्हा त्या रेघेपाशी उभा राहिलो. मनात सगळं जुळत होतं. इथेही पार्टिशन असणार, इथेही कोणी रामचंद्र, कोणी मी. त्यांच्या खाटा कुठे असतील तेही मी ठरवून टाकलं. एक खिडकीशी, कारण तिथे टाइल्सवर ओरखडे होते. मला अभिमानासारखं काहीतरी वाटलं. चार लोक या फरशीवरून चालत गेले, पण ती वाचली मी. हारुन किल्ली लावून मीटरचं कपाट बंद करत होता. अनोळखी माणसाला मी सहसा आपणहून काही विचारत नाही, पण विचारलं.

"भाई, यहाँ पहले पार्टिशन था ना? बॅचलर लोग रहते थे?"

हारुन दचकला. "बॅचलर? तौबा करो, अंकल! किसने बोला? ओन्ली फॅमिली. सुदानी फॅमिली थी, बहुत साल. ये तो लकडी की जाली थी उनकी. इधर मेहमान का मजलिस, उधर घर के लोग."

"अच्छा."

"पीछे बुढ्ढी अम्मा बैठती थी उनकी. खिडकी के पास तखत पे. दिखती नहीं थी, मगर सुनती सब थी. मैं किराये का बात करने आता ना, बेटा बोलता, इन्शाल्ला अगले हफ्ते. तो अम्मा जाली के पीछे से चिल्लाती, झूठ मत बोल, पहले उसको चाय पिला!" हारुन हसला. "अम्मा गयी, फिर वो लोग भी चले गये."

म्हणजे माझं चुकलं होतं. वीस-पंचवीस पुस्तकं वाचून एक रेघ धड वाचता आली नाही. खिडकीशी खाट होती, एवढंच बरोबर, आणि तेही अंदाजाने. ज्या उत्खनन करणाऱ्यांना मी मनातल्या मनात नावं ठेवत आलो, त्यांच्यासारखंच केलं. आधी मनात कोण ते ठरवलं आणि मग फरशीकडून वदवून घेतलं. असं झालं की मला दुसऱ्या सगळ्या गोष्टींबद्दलही शंका यायला लागते. वाटलं, त्या खोलीत मला जी भीती वाटली तीही अशीच असेल. म्हातारपणी माणूस नवीन जागेला बिचकतो, दोन महिन्यांत सवय होते. मुलाने एवढं केलंय. निळे पडदे लावणार आहेत. तू गप्प बस.

आणि मी गप्प बसलोही असतो. पण ती अम्मा डोक्यातून जाईना. जाळीच्या मागे बसून ओरडणारी.

"यल्ला, चला, पप्पा," केनेथ म्हणाला. "हारुनला आज सांगायचंय, अजून दोन पार्ट्या लाइनमध्ये आहेत. तुमचं काय? यस की नो?"

"घर चांगलं आहे."

"म्हणजे यस."

"खोली नको."

माझा आवाज मलाच कसातरी लागला. रोशेल किचनच्या दारात थांबली. कॅरल जिन्याच्या पायरीवर मोबाइल घेऊन बसली होती, तिने मान वर केली.

"कुठली खोली नको?" केनेथने विचारलं.

"ती. मागची. मला इथे चालेल." मी पायाने रेघ दाखवली. "हिच्या पलीकडे. खिडकीशी. एक खाट मावेल."

केनेथचे कान लाल झाले. आधी कडा, मग पूर्ण. "हॉलमध्ये? पप्पा, परत हॉलमध्ये? मग आपण इथे कशाला आलोय? एवढं सगळं कशासाठी चाललंय, तुम्हाला काय वाटतं?"

"मला माहीत आहे कशासाठी."

"तुम्हाला ती मेड्स रूम आहे म्हणून इन्सल्ट वाटला का?" रोशेल म्हणाली. शब्द शेवटी तिच्या तोंडून गेला, आणि तिचे डोळे भरले. "मी केनला बोलले होते, पप्पांना वाटेल. पण वर जिना आहे, तुमचा गुडघा…"

"नाही गं. तसं नाही."

"मग काय? लोक काय बोलतील? तीन बेडरूमचं घर घेतलं नि सासरा परत हॉलमध्ये. माझी मम्मी तर मला फाडून खाईल."

"मी बोलेन तुझ्या मम्मीशी."

"तुम्ही?" रडवेली असून ती हसली. "'बरं आहे ना'च्या पुढे कधी बोललात तिच्याशी?"

मला नीट समजावून सांगायचं होतं. मी म्हणालो, "हे बघ, इंग्लंडमध्ये काही व्हिलांत असं सापडलंय की शेवटच्या काळात…"

"पप्पा, प्लीज," केनेथ म्हणाला. "आज रोमन नको."

बरोबर होतं त्याचं. रोमन लोकांचा काही संबंध नव्हता. मी खाली बघितलं. माझ्या उघड्या पायांची बोटं त्या पांढऱ्या पट्ट्यावर होती, नखं वाढलेली. मला वाटलं, आता बोललो नाही तर केनेथ सही करेल, आणि मग ते दार रोज लागेल, प्रेमाने.

"मगाशी दार लावलंस," मी म्हणालो, "तेव्हा बाहेरून काय ओरडत होतास?"

"काय म्हणजे?"

"शब्द काय होता?"

केनेथने रोशेलकडे पाहिलं. "काही नाही. 'पप्पा' म्हणून. 'पप्पा, पप्पा' करत होतो."

"मला ऐकू आलं नाही, केन."

हारुन उगाच किल्ल्या मोजल्यासारखं करत दाराबाहेर गेला. वर कुठेतरी नळ नीट बंद न केल्याचा आवाज येत होता, एवढ्या वेळात तो मला पहिल्यांदाच ऐकू आला.

"शांतता मला लागते असं मी म्हणतो," मी म्हणालो. "पण वाचताना तुमची बडबड असली की बरं असतं. तू आल्यावर किल्ल्या फ्रिजवर टाकतोस. ही मम्मीशी फोनवर भांडते. कॅरल ते काय, पिरियॉडिक टेबल पाठ करते. मी वाचत असतो, पण ऐकतो. मला वाटायचं तुम्हाला माहीत असेल."

"आम्हाला वाटायचं तुम्हाला त्रास होतो," केनेथ म्हणाला. तो माझ्याकडे बघत नव्हता. "मी रोशेलला हळू बोल, हळू बोल करतो. सारखं."

"रोज," रोशेल म्हणाली. "रोज करतो हा."

"जस्ट पुट हिज बुकशेल्व्ह्ज देअर," कॅरल पायरीवरून म्हणाली. "अलाँग दॅट लाइन. लाइक अ वॉल. प्रॉब्लेम सॉल्व्ड. कॅन वी गो ईट नाऊ?"

केनेथने खिशातून टेप काढली आणि एक टोक माझ्या हातात दिलं. मी ते भिंतीशी धरलं, तो रेघेवरून मागे मागे गेला. रोशेल नाक पुसून म्हणाली, कपाटांच्या पाठी चांगल्या दिसत नाहीत, हॉलच्या बाजूने आपण कापड लावू, ते निळं. आणि मागच्या खोलीचं काय करायचं?

"बॅगा ठेव," मी म्हणालो. "नि तुझी मम्मी आली की मम्मी. तिला शांतता लागते."

"पप्पा!" ती ओरडली, पण हसली.

हारुनने दारातून डोकं घातलं. "सर, ड्रिलिंग नहीं हाँ. एक भी स्क्रू नहीं. ओनर बहुत सख्त है."

"नहीं, भाई. खाली रखेंगे," केनेथ म्हणाला. आणि मला, "कपाटं किती उंच घेऊ? सीलिंगपर्यंत?"

"नको. हॉलला एसी एकच आहे. हवा सगळ्यांना मिळायला हवी."

त्याने मान हलवली. पुढे कधीतरी आम्हीही हे घर सोडू. कपाटं उचलली की त्यांच्याखाली आणखी एक पांढरा पट्टा राहील, या पट्ट्याला चिकटून, थोडा रुंद. कोणी नवीन माणूस बघेल आणि म्हणेल इथे दुकान असावं, नाहीतर बॅचलर. त्याचं चुकेल. चुकू दे.

केनेथने टेप गुंडाळली. मग काय वाटलं कोणास ठाऊक, तो रेघेच्या पलीकडे, जिन्याजवळ गेला आणि माझ्याकडे पाठ करून उभा राहिला. त्याच्या पाठीला थोडा बाक आलाय, हे मला दिसलं.

"पप्पा," तो म्हणाला. ओरडून नाही. घरात म्हणतो तसं.

"ओ," मी म्हणालो.